बिब्याचं तेल

दौलत मुकादमाने पंचफुलेला केसांना धरून वखारीबाहेर ओढलं, तेव्हा मी समोर आमच्या ओट्यावर पोरीला पाजत बसले होते. पंचफुलेच्या हातात अजून हातोडी होती. ती तिने सोडली नव्हती आणि उगारलीही नव्हती.

"ठेव ते खाली," मुकादम म्हणाला.

"केसं सोडा पयले."

केस न सोडता त्याने तिच्या हाताला पीळ दिला. ती गुडघ्यांवर पडली. मग त्याने तिच्या मनगटावर वहाणेसकट पाय ठेवला, तशी बोटं आपोआप उघडली. हातोडी त्याने पायानेच दूर लोटली.

"गोडंबी कुठी गेली?"

"मले काय माहीत?"

"खाल्ली का विकली?"

"म्या कायले खाऊ, मुकादम? नुस्ता वास घेतला त व्हट सुजतात माहे. तुमीच पाह्यलं ना मांगं. नवऱ्यानं वळखलं नाई मले. तेवढाच मार वाचला."

वखारीतून बाहेर येऊन भिंतीला चिकटून उभ्या राहिलेल्या बायांत कुणीतरी फिसकन हसलं. मुकादमाने तिकडे पाहिलं आणि हसू थांबलं. मग त्याने वाकून पंचफुलेच्या तोंडात मारली. आवाज माझ्या ओट्यापर्यंत आला. पोरीने दचकून तोंड सोडलं, पुन्हा धरलं.

त्या बायांच्या रांगेत माझी सासूही होती. द्रुपदाबाई. मी तिला आत्याबाई म्हणायचे. ती दाराजवळ पदराने हात पुसत उभी होती.

हे वाशीमच्या बाजूच्या डोंगराखालचं गाव, आणि दुष्काळाचं साल. ज्वारी पिकलीच नव्हती. सरकारी लाल मिलोच्या, म्हणजे रेशनवरच्या परदेशी ज्वारीच्या, भाकरी खाऊन माणसांची पोटं बिघडली होती. जंगलातला बिबा मात्र त्या साली भरपूर लागला होता. दुष्काळात बिबा जोरात येतो, असं आमच्याकडे म्हणतात. खरं-खोटं मला माहीत नाही. तालुक्याच्या एका व्यापाऱ्याने आमच्या गल्लीसमोर पत्र्याची वखार घातली होती. तिथे बाया दिवसभर दगडी पाट्यापुढे बसून बिबे फोडायच्या. बिबा दोन बोटांत उभा धरायचा आणि शिवणीवर हातोडी अशी मारायची, की टरफल फुटावं पण आतली गोडंबी अख्खी निघावी. टरफलात काळं तेल असतं. ते उडतं. हातावर, गालावर, डोळ्यांजवळ. जिथे पडेल तिथली कातडी उठते, फोड येतात, पाणी वाहतं आणि मागे काळा डाग राहतो. बिबा उतला, म्हणायचं त्याला.

ती गोडंबी शहरात बाळंतिणीच्या लाडवांत जाते. तेल कुणी भेगांना लावतं, कुणी औषधात घालतं. बिबा दाराच्या चौकटीला बांधला की घराला दृष्ट लागत नाही म्हणतात. माझ्या नातीची प्रसूती झाली तेव्हा तिने पुण्यात गोडंबीचं पाकीट मागवलं होतं. त्यावर लिहिलेलं तिने मला वाचून दाखवलं: जंगलातून आलेली, पूर्ण नैसर्गिक, रसायनाचा स्पर्श नाही, हाताने फोडलेली. मी म्हटलं, खरं आहे, हातानेच फोडतात.

मी स्वतः तेव्हा वखारीत जात नव्हते. मी कापसाच्या गावची. लग्न होऊन आले, लगेच दिवस गेले, आणि पोटुशीने बिब्याच्या वाऱ्यालाही उभं राहू नये म्हणून आत्याबाईंनी मला त्या दाराशी कधी फिरकू दिलं नाही. नवरा अकोल्याला कापसाच्या जिनात हमाली करायचा. घरात मी, माझी तान्ही पोर आणि आत्याबाई. बाळंतपणानंतर माझ्या अंगावर दूधच उतरलं नव्हतं. मिलोच्या पेजेवर कुठून उतरणार? हल्ली हल्ली कुठे उतरायला लागलं होतं.

पंचफुला आमची शेजारीण. आमच्या घराची आणि त्यांच्या घराची भिंत एकच. वयाने ती माझ्याच बरोबरीची होती, अजून मूलबाळ नव्हतं. तिला बिबा मानवत नव्हता. पहिल्या हंगामात तिचा चेहरा असा सुजला की डोळ्यांच्या फटी राहिल्या होत्या. तरी ती जायची, कारण दुसरं काम नव्हतं. काम करण्याआधी हातांना चोळायला वखारीतून खोबरेल मिळायचं. त्याने बिबा थोडा तरी आवरतो. त्या साली मुकादमाने खोबरेलात सरकीचं तेल मिसळायला सुरुवात केली, मग तेही आटवलं. बाया कुरकुरल्या, पण गप्प बसल्या. पंचफुला गप्प बसली नाही. व्यापारी वखार बघायला आला, तेव्हा ती उठून उभी राहिली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "शेठजी, आमचं खोबरेल मुकादम टकलाले लावते. आमच्या हाताचे फोडं पाहा आन त्यायच्या टकलाची चमक पाहा."

शेठजी हसला होता. मुकादम हसला नव्हता.

त्यानंतर गोडंबीचं वजन कमी भरायला लागलं. रोज थोडं थोडं. संध्याकाळी घरी जाताना बायांचे पदर, ओचे झटकून घ्यायला लागले. काही सापडत नव्हतं.

आणि आता भर दुपारी पंचफुला रस्त्यात पडली होती.

"उकर्ड्याले बोलवा," मुकादम म्हणाला. उकर्डा म्हणजे तिचा नवरा. त्याला बोलवावं लागलं नाही. तो गल्लीच्या तोंडाशी उभाच होता. आला, आणि कुणी काही सांगायच्या आत त्याने बायकोच्या कमरेत लाथ घातली.

"खाल्ली असशीन त सांग. गावात तोंड दाखवाले जागा ठेव मले."

"तुमचं तोंड हाय तसंच हाय," पंचफुला जमिनीकडे पाहून म्हणाली. "माह्यानं नाई बिघडलं ते."

त्याने आणखी एक लाथ घातली.

"अरे बस करा रे," सकीनाबी म्हणाली. सकीनाबी सगळ्यांत म्हातारी, गालावर बिब्याचे जुने डाग, जीभ धारदार. "दौलत, शरम कर थोडी. बिना मायचा जलमला का तू? गोडंबी तिच्याजवळ सापडली का?"

"सापडली नाई म्हूनच सत्त्व पाहू," मुकादम म्हणाला. "डबा आना."

तेलाचा डबा वखारीतून बाहेर आला. रॉकेलचा जुना डबा, त्यात टरफलांचं गाळलेलं काळं तेल. वजनकाट्यावर काम करणारे दोन गडी तो दोन बाजूंनी धरून घेऊन आले आणि रस्त्याच्या मधोमध ठेवला.

चोरी झाली की संशयिताच्या हाताला बिब्याचं तेल लावायचं, ही आमच्या भागातली जुनी चाल. फडकं बांधून ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी चारचौघांत सोडायचं. उतला तर चोर, नाही उतला तर साव. पण ही चाल ज्या गावांत बिबा फोडत नाहीत तिथली. आमच्या गल्लीत प्रत्येकीला ठाऊक होतं की कुणाला बिबा मानवतो आणि कुणाला नाही. रोज डोळ्यांसमोर दिसत होतं. तरी गंमत अशी, की ज्यांना मानवायचा त्यांना हळूहळू तो आपल्या पुण्याईचा पुरावा वाटायला लागला होता. आमच्या आत्याबाई तर सांगायच्याच: "माह्या अंगाले बिबा कधी उतला नाई. माह्या सासूच्या अंगाले बी नाई. सच्च्या मानसाले तो शिवत नाई." त्यामुळे तेलाचा डबा पाहून त्या रांगेतल्या कितीतरी बायांचे चेहरे निवांत झाले. मी ते ओट्यावरून पाहिलं. त्यांना भीती नव्हती. आपल्याला उतणार नाही, म्हणजे आपण चांगल्या.

"समद्याइचे हात बुडवतो," मुकादम म्हणाला. "कोनावर अन्याव नाई. पन पयले हिचे."

"तिले उततोच, तुले माहीत हाय," सकीनाबी म्हणाली. "ती काय चोरीची गोष्ट हाय? माहे बुडव पयले."

"तू गप बस, बुढे."

पंचफुला उठून बसली होती. ओठातून रक्त हनुवटीवर आलं होतं. तिने एकदा त्या बायांच्या रांगेकडे पाहिलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. दाराजवळ तिची नजर थांबली. थोडा वेळ थांबली. मला वाटलं ती आता काहीतरी म्हणणार. मग तिने मान फिरवली आणि स्वतःच बाह्या वर सारल्या.

"बुडवा," ती म्हणाली.

गड्यांनी तिचे दोन्ही हात धरून मनगटापर्यंत डब्यात घातले.

बिब्याचं तेल लगेच भाजत नाही. गार असतं. म्हणून ती ओरडली नाही. मुकादम वाट बघत होता ती ओरडेल म्हणून. त्याने तिचे हात तसेच धरून ठेवायला लावले. उकर्डा बिडी पेटवत होता. माझ्या पोरीचं पोट भरलं होतं, ती मांडीवर झोपली.

"आता तोंड," मुकादम म्हणाला.

"हात म्हनलं होतं तुमी," पंचफुला म्हणाली. पहिल्यांदा तिचा आवाज हलला.

"खाल्ली त तोंडानं ना? मंग तोंडालेबी लावू. शेठजीपुढे चुरूचुरू चालते तुहं तोंड."

त्याने चिंधी गुंडाळून तेलात बुडवली. एका गड्याने मागून तिचं डोकं धरलं. ती डोकं इकडून तिकडे करायला लागली, पण त्याने केसांत बोटं रुतवली होती. मी उठून उभी राहिले. पोर काखेत. माझ्या तोंडून काही शब्द निघाला की नाही मला आठवत नाही.

आत्याबाई दारातून निघाल्या. पळाल्या नाहीत. चालत आल्या, जशा पाणी भरायला जायच्या. डब्यापाशी बसल्या. दोन्ही हात कोपरापर्यंत तेलात घातले, बाहेर काढले, आणि उभं राहून दौलत मुकादमाचं तोंड दोन्ही तळव्यांत धरलं.

त्याला काय होतंय ते कळायला वेळ लागला. त्या त्याच्या तोंडाला तेल चोळत होत्या, नवरदेवाला हळद लावतात तसं, कपाळापासून हनुवटीपर्यंत, कानांमागे, नाकपुड्यांत, आणि अंगठ्यांनी डोळ्यांच्या खोबणीत. तो मागे सरत होता आणि त्या त्याच्याबरोबर सरत होत्या. तो पडला तर त्याच्या छातीवर बसल्या.

"पाहू दे," आत्याबाई म्हणत होत्या. "पाहू दे तुह्याबी अंगाले उतते का. पाहू दे. पाहू दे."

मग गडी भानावर आले. एकाने त्यांच्या पाठीत लाथ घातली. दुसऱ्याने पोत्यांच्या काट्याची लोखंडी दांडी आणली आणि मारायला सुरुवात केली. पाठीवर, खांद्यावर, डोक्यावर. आत्याबाईंनी डोकं वाचवायला उजवा हात वर केला, तेव्हा दांडी त्या हातावर बसली आणि कोपराखाली हात भलत्याच ठिकाणी वाकला. तो आवाज मला आजही ओळखता येईल. कपाशीची वाळलेली पऱ्हाटी मोडावी तसा.

आत्याबाई तरी त्याच्या छातीवरून उठल्या नाहीत. डाव्या हाताने चोळत राहिल्या.

सगळ्यांत आधी सकीनाबीने हातोडी उचलली. मग बाकीच्यांनी. त्या बायांना हातोडी कशी मारायची हे शिकवावं लागत नव्हतं. दिवसभर त्या तेवढंच करायच्या, नेमकी शिवणीवर. दांडी धरलेल्या गड्याचा गुडघा फुटला. तो खाली बसला आणि हातांवर सरपटत वखारीत शिरला. दुसऱ्याचे दात गेले. तो तोंड धरून शेताकडे पळाला. उकर्डा बिडी टाकून कधी नाहीसा झाला ते कुणी पाहिलं नाही.

मुकादम आंधळ्यासारखा चाचपडत उठला. "पानी," तो ओरडत होता. "पानी आना रे."

वखारीच्या दाराशी रांजण होता. तो तिथे पोचला, ओंजळीने पाणी तोंडावर मारून घ्यायला लागला, डोळे चोळायला लागला. बिब्यावर पाणी घालायचं नसतं. पाण्याने तेल पसरतं, नव्या जागी लागतं. आधी खोबरेलाने पुसून काढायचं असतं, मगच धुवायचं. हे त्या गल्लीतल्या शेंबड्या पोराला माहीत होतं. बाया हातोड्या घेऊन उभ्या राहिल्या आणि तो पाणी मारून घेत होता ते बघत राहिल्या. एकीनेही त्याला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याला व्यापाऱ्याच्या जीपमधून अकोल्याला नेलं. चेहरा असा झाला होता की नाक कुठे आहे ते समजत नव्हतं, असं नेणाऱ्याने सांगितलं. एक डोळा कायमचा गेला. पोलिसांत कुणी गेलं नाही. गेलं असतं तर तो डबा रस्त्यात कुणी आणला हे आधी सांगावं लागलं असतं. वखारीला कुलूप लागलं. बाया दुष्काळी कामावर खडी फोडायला गेल्या. तिथे निदान दगडातून तेल उडत नव्हतं.

पंचफुलेचे हातही दुसऱ्या दिवशी उतले. आधी लाल, मग सुजून कणसासारखी बोटं, मग फोड. फोड एकमेकांना मिळाले आणि मनगटापर्यंतची कातडी मोज्यासारखी सुटायला लागली. उकर्ड्याने ते हात पाहिले आणि तिला दाराबाहेर काढलं. "बिबा उतला," तो गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाला. "देवानं दाखवलं. चोराले घरात ठेवत नसतो मी." बिबा तिला उतणारच होता, हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. तरी गल्लीतल्या दोघी-तिघींनी माना डोलावल्या. दोनच दिवसांपूर्वी ज्यांनी तिच्यासाठी हातोड्या उचलल्या होत्या, त्यांतल्याच.

ती आमच्या ओट्यावर येऊन बसली. हात मांडीवर उताणे ठेवलेले, जणू दुसऱ्या कुणाचे आहेत. मी तिला आत घेतलं.

आत आत्याबाई पडून होत्या. वैदूने हात ओढून जागेवर बसवला होता, बांबूच्या कामट्या बांधल्या होत्या. हाड बसवताना त्यांनी पदराचा बोळा दातांत धरला होता आणि तो दातांनी फाटला होता. ताप चढला होता. घरात मी एकटीच धडधाकट. सकीनाबीने कुठून तरी खोबऱ्याची अर्धी वाटी आणून दिली. मी ती किसून वाटली, चिंचेच्या पाल्याचा रस घातला, आणि पंचफुलेच्या हातांना लावायला बसले. जिथे कातडी नव्हती तिथे ती दातओठ खायची, पण हात मागे घेत नव्हती.

"कातडीसंगं मेंदीबी गेली पाय," ती म्हणाली. "संक्रांतीची होती."

मी भाकरीचा घास करून तिच्या तोंडात घातला. ओठ फाटलेला होता, त्यामुळे ती एका बाजूने चावत होती. आत्याबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. मला वाटलं झोपल्या आहेत.

"गोडंबी म्या घेतली," आत्याबाई म्हणाल्या.

मी वळून पाहिलं.

"रोज जराजराशी. अंबाड्यात घालून आनो. वाटून तुह्या पेजेत टाको. चारोळी म्हनो तुले." त्या भिंतीशीच बोलत होत्या. "दूध नोतं ना तुह्या अंगावर. पोरगी वाळून चालली होती. माह्या डोळ्यांपुढं तीन लेकरं गेली अशीच, दुधावाचून. म्या कदी गोडंबी घरात आनली नोती, गोकर्णे. जलमभर फोडली, एक दाना आनला नोता. हे पयली खेप."

मी पोरीकडे पाहिलं. ती पाळण्यात होती, झोपेत ओठ हलवत.

"त्यानं हिचे हात डब्यात घातले तवाच सांगाचं होतं म्या," आत्याबाई म्हणाल्या. "तोंड उघडलंबी. मंग वाटलं, मले काढलं कामावरून, त हे दोघी मरतीन. म्हून गप बसली. त्यानं तोंडाचं काढलं तवा मंग मले काई समजलं नाई."

पंचफुला चावायची थांबली होती. घास गिळला.

"मले माहीत होतं," ती म्हणाली.

आत्याबाईंनी मान वळवली. मोडका हात त्या विसरल्या आणि कण्हल्या.

"तुमच्या मांगंच बसतो ना मी, द्रुपदामाय. दुस्काळानं समद्या बायाइचे केसं झडून राह्यले, आन तुमचा एकटीचा अंबाडा रोज संध्याकाळी मोठा होऊन राह्यला. मले काय दिसत नाई?"

"मंग सांगतलं काहून नाई त्याले?" मीच विचारलं. माझा आवाज मला चिडल्यासारखा वाटला.

"सांगून काय भेटलं असतं? हात त तो माहेच बुडवनार होता. टकलाचा राग होता त्याले."

"पंचफुले," मी म्हटलं.

ती खांदा उडवून म्हणाली, "तुही पोट्टी रातभर रडे ना पयले. आपली भित एकच. मी पडून पडून आयको. रडता रडता आवाज बारीक होत जाय, मंग बंद होय, मंग मले वाटे, गेली वाटते. उठून भितीले कान लावो. आन एक दिवस रडनंच बंद झालं. तवा म्या इकडे डोकावलं, त ती पोटभर पिऊन राह्यली होती. म्या म्हनलं, जाऊ दे. निजू दे समद्याइले."

तिने तोंड पुढे केलं आणि मी पुढचा घास घातला.

आत्याबाई उठून बसायला लागल्या. मी म्हटलं, पडा. त्यांनी ऐकलं नाही. "मले धर," त्या म्हणाल्या. "भाईर ने."

"कायले?"

"धर म्हनतो ना."

मी त्यांना धरून ओट्यावर आणलं. संध्याकाळचं ऊन होतं, बाया खडीच्या कामावरून परतत होत्या. डोक्यावर टोपल्या, पाय पांढऱ्या धुळीने भरलेले. आत्याबाईंनी खांबाला टेका घेतला आणि एवढा मोठा आवाज काढला, की त्या अंगात तो कुठून आला मला कळलं नाही.

"आयका वं समद्या! गोडंबी म्या चोरली. पंचफुलेनं एक दाना घेतला नाई. म्या चोरली, माह्या सुनेले खाऊ घातली."

बाया थांबल्या. आत्याबाईंनी धड असलेला डावा हात वर केला. तेलाने कोपरापर्यंत काळा पडलेला. एक फोड नव्हता त्यावर.

"हा पाहा चोराचा हात. उतला का? पाहा ना जवळ येऊन. कोपरापातूर बुडवला होता, समद्याइनं पाह्यलं." त्यांना धाप लागली. "उतला नाई म्हून म्या जलमभर तोरा मिरवला तुमच्यापुढं. थुका आता."

कुणी थुंकलं नाही. ज्या दोघी-तिघींनी माना डोलावल्या होत्या, त्या आपापल्या हातांकडे पाहायला लागल्या, वळवून वळवून, काल-परवापर्यंतचे ते हात हेच का, अशा. सकीनाबीने टोपली खाली ठेवली आणि आमच्या ओट्यावर येऊन आत्याबाईंच्या शेजारी बसली. ती एक शब्द बोलली नाही, तेही मी पहिल्यांदाच पाहिलं.

शेजारचं दार उघडलं. उकर्डा उंबऱ्यात आला. सगळी गल्ली त्याच्याकडे बघत होती. त्याने टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली.

"मंग अं," तो म्हणाला, "तसं असन त पाठवा तिले घरी. चूल थंडी हाय सकाळपासून."

आतून पंचफुलेचा आवाज आला. ती दारापर्यंत आली नाही. भिंतीला टेकून बसली होती तिथूनच बोलली, सावकाश, एका बाजूच्या ओठाने, पण प्रत्येक शब्द बाहेर ऐकू गेला.

"येतो. हात बरे होऊ द्या. तुमच्या दोन लाथा उधार हायेत, त्या फेडाले हात लागतीन मले."

सकीनाबी खोकल्यासारखं हसली. मग गल्लीत हसणं पसरलं. उकर्ड्याने दार लावून घेतलं.

हात बरे व्हायला सगळा उन्हाळा गेला. तोवर तिला मी भरवलं, न्हाऊ घातलं, तिची वेणी घातली. नवी कातडी आली ती गुलाबी, तान्ह्या पोराच्या कातडीसारखी. करंगळी तेवढी वाकडीच राहिली. पेरण्यांच्या आधी एके दिवशी तिने आपली दोन लुगडी काखेत मारली, आत्याबाईंच्या पाया पडली आणि शेजारी निघून गेली. आम्ही तिला अडवलं नाही; तिचं घर ते.

त्याच संध्याकाळी भिंतीपलीकडून काहीतरी आदळल्याचा आवाज आला, मग ओरडणं. मी पोरीला घेऊन उठलेच होते. आत्याबाईंनी चुलीपुढूनच डाव्या हाताने मला थांबवलं. आम्ही दोघी कान देऊन ऐकत राहिलो.

ओरडत होता तो उकर्डा होता.